कुंडलिकच्या विमानाचं शेपूट

कुंडलिक सुतार ट्रकच्या बॉड्या बांधायचा. सात रस्ता चौकाच्या पलीकडे त्याचं आवार होतं आणि त्र्याहत्तर साली त्या आवारात ट्रकऐवजी चक्क विमान उभं राहिलं! लाकडी, एकट्यापुरतं, घरीच बांधलेलं. लोक हसायचे, अन् हसायला का होईना, रोज यायचे.

बायको रंभाबाई मात्र हसत नव्हती. "शेपूट मोडलं की इमान खाली येतं म्हनं," तिनं बजावलं. "आदी शेपूट माज्यासमोर पास करा. मोडलं तर उडायचं नाव काढायचं न्हाय."

एवढंच ना! नवी बॉडी झाली की चौघांनी वर चढून नाचायचं, हीच त्याच्या धंद्याची रीत. त्यानं विमानाचं धड जमिनीत रोवलेल्या मेढींना जखडलं आणि शेपटाच्या आडव्या फळीवर माणसं बसवली. एका अंगाला रंभाबाई अन् शेजारची रत्नम्मा, दुसऱ्या अंगाला हातमागवाला नागप्पा अन् कामावरचा कोंडीबा. चौघं डुलले, आदळले. शेपूट हूं की चूं करीना.

"बसवा हत्ती!" कुंडलिक ओरडला.

तेवढ्यात रंभाबाईला चुलीवरचं दूध आठवलं. ती टुणकन उतरली, तिच्यामागं रत्नम्मा. आणि कडाड! एकाच अंगाला उरलेल्या दोघांच्या भारानं धड ओल्या धोतरासारखं पिळवटलं.

"मिटलं उडनं," रंभाबाई म्हणाली.

कुंडलिकचा मात्र आनंद पोटात मावेना. "अगं, हितं मोडलं की! वर न्हाय मोडलं!" ट्रकचं ओझं सरळ खाली बसतं, त्याला उभे-आडवे खांब पुरतात. त्यानं विमानालाही तेच दिले होते, पीळ अडवणारी तिरकी पट्टी एक नाही. वारा काय, एकाच अंगाला रेटणार. "तू उठलीस म्हनून वाचलो बग मी!"

रंभाबाईनं मोडलेलं धड वाकून नीट बघितलं. "मंग पुडली परीक्षा मी घेनार," ती म्हणाली.

कुंडलिकनं धड पुन्हा बांधलं आणि चौकटीचौकटीत तिरक्या पट्ट्या ठोकल्या. परीक्षेला रंभाबाईनं गल्लीतल्या चांगल्या दणकट बायका आणल्या आणि सगळ्या एकाच अंगाला बसवल्या; स्वतःही बसली. लाकूड करकरलं. कुंडलिकनं डोळे मिटले. उघडून बघतो तर शेपूट जागच्या जागी! त्यानं उडीच मारली.

"आता उडू?"

रंभाबाई खाली उतरली, वळसा घालून पलीकडं गेली आणि पदर खोचून फळीवर बसली.

"या गं समद्या," तिनं हाक मारली. "ही बाजू ऱ्हायली की."