अंबादासरावांचा दम

रियाजभाई, कानातली शिट्टी कमी झाली का? गिटारचा स्पीकर उजव्या कानाशी घेऊन तीस-पस्तीस वर्षं उभे राहिलात, आता तो कान स्वतःच वाजायला लागला. नातेपुत्याचे आमचे मिलिंदराव, गुडघा काय म्हणतो? बेस गिटार गळ्यात अडकवून जिना चढू नका, हे मी मागेही सांगितलं होतं. माझ्या बायकोची, महादेवीची तब्येत सगळेच विचारता. ती बरी आहे, तिचं पुढे येईलच. आणि जे श्रोते आमच्या ‘भोंगा’ बँडपुढे वर्षानुवर्षं माना झटकत आले, त्यांचे मणके जागेवर आहेत ना? हा गौरव अंक वाचायला मान खाली घालावी लागेल. सावकाश घाला.

आमचे गायक श्री. अंबादास गुर्रम यांना यंदा साठ वर्षं पुरी होत आहेत. मी त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, म्हणून समोरासमोर अरे-तुरे चालतं. छापील कागदावर मात्र ते ‘अहो’च राहतील. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं मोटारी खोलून आणि लोकांना विचारून शिकलो. ड्रमसुद्धा तसेच. तेव्हा भाषेत खाचखळगे लागले तर सांभाळून घ्या.

पहिली ओळख आवाजाची झाली, माणूस नंतर दिसला. मी मोटार रिवाइंडिंगचं काम करायचो. एका यंत्रमाग कारखान्यात जळालेली मोटार उतरवायला गेलो होतो. माग चालू असले की शेजारच्या माणसाच्या कानात तोंड घातल्याशिवाय शब्द पोचत नाही. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून हाक आली, “कांडी संपली रेऽऽ!” आडव्या सुताची कांडी संपली की विणकर अशी हाक देतोच, पण ही हाक चाळीस मागांच्या खडखडाटावरून सरळ फाटकापर्यंत आली. मी हातात पाना धरून तसाच उभा.

“गळा हाय का भोंगा?” मी जवळ जाऊन विचारलं.

बावीस-तेवीस वर्षांचे अंबादासराव हसले. “गिरणीचा बंद पडला की वो. म्हणून मी ठेवलाय.”

बँडचं नाव त्या दिवशीच ठरलं, बँड जमायला दोन वर्षं गेली. रियाजभाईंचं नवी पेठेत कॅसेटचं दुकान होतं. त्यांनी आम्हा दोघांना पहिल्यांदा हेवी मेटल ऐकवलं आणि वर म्हणाले, “अण्णा, ये तो अपना कारखानाच है, बस सुर में लगाए.” अंबादासरावांना ते इतकं पटलं की त्यांनी दुसऱ्याच दिवशी मागावर उभं राहून चाल बांधली. ते तेलुगूत पुटपुटतात, मराठीत लिहितात आणि गातात तेव्हा मागच्या रांगेतल्या माणसाला शब्दन्‌शब्द कळला पाहिजे असा त्यांचा हट्ट असतो. नुसतं ओरडणं त्यांना कधी चाललं नाही.

एकदा एका मंडळानं ‘भोंगा’ हे नाव वाचून आम्ही लाउडस्पीकर भाड्यानं देतो असं समजून बोलावलं. आम्ही चौघं वाद्यं घेऊन उतरलो. कार्यकर्ते टेम्पोत डोकावून विचारतात, “भोंगे कुटं हायत?” अंबादासराव म्हणाले, “आणले न्हाईत. पण लागणार बी न्हाईत.” आणि त्यांनी माइकशिवाय पहिलं गाणं म्हणून दाखवलं. पुढची तीन वर्षं त्या मंडळानं आम्हालाच बोलावलं.

हे सगळं तारुण्यातलं. गौरव करायचा तो खरा गेल्या दोन वर्षांचा.

दोन वर्षांपूर्वी इथेच, सोलापुरात, आमचं शेवटचं गाणं चालू होतं. त्यात सगळी वाद्यं चार मात्रा थांबतात आणि मग अंबादासरावांची लांब किंकाळी येते, अगदी भोंग्यासारखी. लोक त्याच्यासाठीच शेवटपर्यंत थांबतात. त्या दिवशी किंकाळी निघाली आणि मध्येच फाटली. पुढे नुसती हवा. लोकांनी ओरडून ती जागा भरली, पण मी मागून त्यांचे पडलेले खांदे पाहिले. खाली उतरून त्यांनी पाणीही घेतलं नाही.

मी त्यांना आवाजाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. बाई आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी किंकाळी करून दाखवायला सांगितली. बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. बाई शांतपणे म्हणाल्या, “काका, ओरडण्याआधी श्वास कोंडून का धरता?”

“अण्णा सांगत्यात तसं.”

“कोण अण्णा?”

“हे काय, शेजारी बसल्यात.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता खरं सांगायलाच हवं. त्या चार मात्रांत अंबादासराव घाई करायचे, म्हणून पहिल्या कार्यक्रमापासून मी ड्रमवरून ओरडायचो, “दम धर!” कुस्तीच्या तालमीत वाढलेल्या माणसाच्या तोंडचा शब्द. “म्हंजे थांब जरा, घाई करू नको, एवढंच,” मी बाईंना म्हणालो.

अंबादासराव खुर्चीतच वळले. “थांब? अण्णा, मी तेहतीस वर्षं दम धरतोय की वो!”

मी ‘थांब’ म्हणत होतो आणि हे गृहस्थ छाती फुगवून श्वास कुलूपबंद करत होते, मग मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणून बंद गळ्यातून आवाज ढकलत होते. तरुणपणी शरीरानं खपवून घेतलं. बाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. असंच चालू ठेवलं तर गळा फार दिवस साथ देणार नाही. एक तर गाणं सोडा, नाहीतर उभं राहण्यापासून नव्यानं शिका, म्हणाल्या.

“गाणं सोडत न्हाय,” अंबादासराव म्हणाले. “गायची रीत सोडतो.”

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी पाया खणायला घेतला. श्वास खांदे उचलून घ्यायचा नाही, खालच्या बरगड्या मागून-पुढून रुंद झाल्या पाहिजेत, हे बाईंनी दाखवलं. पण आपली पाठ आपल्याला दिसते कुठे? अंबादासरावांनी घरचा सोलापुरी टॉवेल काढला आणि बरगड्यांभोवती गुंडाळला. श्वास घेतला की टॉवेल पाठीकडूनही ताणला गेला पाहिजे. पहिल्यांदा तो मी बांधला, लंगोटासारखा करकचून. ते कसेबसे म्हणाले, “अण्णा, कुस्ती न्हाय... गाणं हाय.” तेव्हापासून दोन बोटं जातील इतका सैल बांधायचा असा नियम झाला.

उभं राहणंही बदललं. पूर्वी ते मागं झुकून, हनुवटी आभाळाकडे करून माइक वर धरायचे. आता हनुवटी समोर. तोंड माइककडे जात नाही, माइक तोंडाकडे येतो. गुडघे सैल, एक पाऊल किंचित पुढे, यंत्रमागापुढे उभं राहायचे तसं. मिलिंदरावांनी स्टूल सुचवलं तर भडकले, “बसून मेटल गाऊ? सत्यनारायण हाय का?” मग स्वतःच जुन्या मागाचं लोखंड वेल्डिंग करून कमरेइतकी चौकट केली. दोन ओळींच्या मधे तिला टेकतात आणि तेवढ्यात श्वास भरून घेतात. लोकांना तो रुबाब वाटतो. मानेच्या दुखण्यामुळे मान झटकणं बंद आहे. त्यावर त्यांचं उत्तर, “मान आता लोकांनी हलवायची. मी फक्त कारण द्यायचं.” बाकीची सगळी गाणी दोन सूर खाली घेतली, कुरकुर न करता. भोंग्याचं गाणं तेवढं नाही. ते आहे त्याच सुरात साठीच्या कार्यक्रमात गाणार आहेत.

माझ्या चुकीबद्दल त्यांनी एका शब्दानं दुखावलं नाही. टोमणे मात्र चालू असतात. चहाला उशीर झाला आणि मी सवयीनं “दम धर” म्हणालो की उत्तर तयार, “न्हाय बा. आता न्हाय.”

मागल्या हिवाळ्यात महादेवीला न्यूमोनिया झाला. घरी आली तरी चार पावलांत धाप लागायची. रुग्णालयातून सांगितलेले श्वासाचे व्यायाम ती करेना. मी सांगितलं की तोंड फिरवायची. अंबादासराव रोज सकाळी यायला लागले. तिच्या खुर्चीसमोर बसायचे, आपल्या बरगड्यांभोवती टॉवेल, तिच्या बरगड्यांभोवती टॉवेल. “वहिनी, मला एकट्याला लाज वाटती. तुमी बी घ्या की.” दीड महिना एक दिवस चुकला नाही. आता ती भाजी आणायला स्वतः जाते आणि वाटेत मलाच सुनावते, “खांदे खाली घ्या वो.”

गेल्या रविवारी तालीम झाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते भोंग्याचं गाणं पुरं घ्यायचं ठरलं. वाद्यं थांबली. चार मात्रांची ती शांतता. जुनी सवय, माझं तोंड उघडलंच, “दम ध—” आणि मी जीभ चावली. अंबादासरावांनी मागं वळून पाहिलं. मी म्हणालो, “घे. दम घे.”

त्यांनी चौकट सोडली. टॉवेल पाठीकडून फुगलेला मला ड्रममागून दिसला; खांदे जागचे हलले नाहीत. आणि आवाज आला. तिसऱ्या रांगेतून फाटकापर्यंत आलेला तोच, जरा खरखरीत, पण अखंड. माझ्या मात्रा मोजायच्या चुकल्या, तेव्हाही तो चालूच होता. महादेवी दाराशी बसली होती, तिनं दोन्ही कान झाकले आणि हसत राहिली.

अंबादासराव, तुमच्या फासळ्या अशाच रुंद होत राहोत, गुडघे सैल आणि मान सरळ राहो. पंचाहत्तरीलाही तुम्ही चौकटीला टेकून आम्हाला माना हलवायचं कारण द्यावं. ड्रमवर मी असेन. नसलो तर जो कुणी असेल, त्याला तो शब्द तेवढा नीट शिकवून ठेवा.

आणि मंडळी, कार्यक्रमाला कोण कोण येणार ते लगेच लिहून कळवा. दम धरायला सांगू नका. त्या शब्दानं आमचं पुष्कळ नुकसान झालं आहे.

तुमचा,
सिद्रामअण्णा