गालावरचं बोट

द्वारकाला देवानं गळा सढळ हातानं दिला आणि नाकही तेवढ्याच सढळ हातानं. फताडं नाक! लग्नात नवऱ्याच्या आत्यानं नावं ठेवली, तेव्हापासून ते तिच्या मनात सलत होतं. हौसेला मोल नसतं. नवरा कंपनीत कायम झाल्यावर तिनं शहरातल्या एका डॉक्टरकडून नाक बारीक करून घेतलं. वर्षभर बाई आरशासमोरून हलायला तयार नव्हती.

मग नाकाचा शेंडा खचू लागला. आतलं आधाराचं मऊ हाड जास्तच कापलं गेलं होतं. श्वास ओढला की नाकपुड्या आत चिकटायच्या. हर्सूलच्या महिला भजनी मंडळात अभंगाची चाल तीच सांगायची, बाकीच्या बाया तिच्यामागून म्हणायच्या. आता अभंगाचा लांब चरण मध्येच तुटायला लागला. गाणं गेलं तर आपल्याजवळ उरलं काय, या भीतीनं तिचा जीव टांगणीला लागला. सांगावं कुणाला? आपल्याच हौसेनं केलेलं, त्यामुळे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एकदा चूळ भरताना तिला उपाय सापडला. गाल बोटानं बाजूला ओढला की नाकपुडी उघडते. त्या दिवसापासून ती गालाला बोट लावूनच गाऊ लागली. चरण पुन्हा लांब जाऊ लागला.

बिडकीनच्या सप्ताहात मंडळाला बोलावणं आलं. पहिलाच अभंग रंगात आला आणि टाळ बंद पडले. द्वारकानं मागं वळून पाहिलं, तर सगळ्या बाया टाळ मांडीवर ठेवून, गाल ओढून गात होत्या! मंडळातल्या सगळ्यात थोरल्या मनकर्णाबाईंनी तर दोन्ही गाल ताणले होते. अभंग कसाबसा संपवून द्वारका त्यांच्याकडे सरकली.

"मावशी, हे काय वो?"

"तूच करतीस ना? म्हणलं, ह्यानं सूर लई लांब जातो."

द्वारकाला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. "सुरासाठी नाय वो. नाक खचलंय माझं. दम पुरत नाय."

मनकर्णाबाईंनी मांडीवरचे टाळ पुन्हा हातात घेतले. "आन् इतके दिवस गप बसलीस? आमी काय तुझं नाक ऐकाया येतो व्हय? परतल्यावर दवाखान्यात जाऊ, मी येते संगं. तवर हात खाली घे. दम तुटला तर आमी हाओत ना."

दुसऱ्या अभंगाला द्वारकानं हात मांडीवर ठेवला. चरण अर्ध्यात तुटला. तिथून मनकर्णाबाईंनी तो आपल्या चिरक्या आवाजात उचलला, मागोमाग बाकीच्यांनी, आणि टाळ वाजत राहिले.