सायबानाला लावलेला आडोसा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलाने त्याच्या पिकअपच्या हौद्याला एक छत बसवून घेतलं. दोन दांड्या बाहेर ओढल्या की कापड पसरतं आणि गाडीच्या बाजूला खोलीभर सावली पडते. भेडाघाटच्या रस्त्यावर गाडी उभी करून त्याने मला खुर्चीत बसवलं आणि हौसेने विचारलं, "आई, कसं वाटून राहिलं?"

"बाजूने ऊन येऊन राहिलंय. पडदा कुठाय?"

"याच्यात पडदा येत नाही."

एवढ्यावरून मी अशी भडकले की सून पाण्याची बाटली घेऊन धावत आली. सगळ्यांना वाटलं मला ऊन लागलं. ऊन कसलं लागतंय! मला पन्नास वर्षांपूर्वीचा राग आला होता. आमच्याकडे कुणी 'जाऊ द्या ना आता' म्हणालं की तो आणखीच चढतो, म्हणून आता लिहूनच काढते. त्या रागात माझी आयुष्यातली एकुलती एक नोकरी गेली, आणि तिचं मला आजतागायत काडीचं वाईट वाटलेलं नाही.

ते बांगलादेशच्या लढाईचं वर्ष. लढाई झाली हिवाळ्यात, पण जबलपूरला ती उन्हाळ्यातच कळली होती. कारखान्यांचे भोंगे अवेळी वाजायला लागले आणि माणसं डबल पाळी करून घरी येऊन जेवता जेवता झोपायला लागली. माझे यजमान कारखान्यात तात्पुरते होते. काम वाढलं की बोलावत, उतरलं की घरी बसवत. घर त्या भरवशावर चालेना. मला शिवण चांगलं येत होतं. गोहलपुरात एका सेठजींचं वर्कशॉप होतं, तिथे लष्करी गाड्यांची कॅनव्हासची छतं शिवत. मुलगा चार महिन्यांचा असताना मी तिथे मशीनवर बसायला लागले.

सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. त्यांना बऱ्याच गोष्टी पटत नसत. आमचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेलं, त्यामुळे आपली मराठी अस्सल आणि माझी बाटलेली, असं त्यांचं ठाम मत. मी "चलो, निघते" म्हटलं की त्या म्हणत, "चलो काहून? निघते म्हण ना सरळ." पुण्याचा पाहुणा आला की तो सासूबाईंच्या मराठीला हसायचा आणि सासूबाई माझ्या मराठीला. पण बाळाला घेऊन रोज दुपारी गोहलपुरापर्यंत चालत यायच्या त्याच. येताना कुरकुरत, जाताना कुरकुरत, पण येत.

कारण बाळाला वरचं दूध पचत नव्हतं. गाईचं देऊन पाहिलं, डब्याचं देऊन पाहिलं, सगळं उलटून पडे. दुपारी अंगावर पाजलं तरच पोर संध्याकाळपर्यंत तग धरी. आणि सेठजींचा नियम असा, की बच्चा अंदर नहीं. अंगणातसुद्धा नाही. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत मी फाटकाबाहेर गल्लीत, भिंतीला टेकून, पदराखाली पोर घेऊन बसायचं. मे महिन्यात भर दुपारी भिंतीला सावली नसते. समोर चहाची टपरी, तिथे बसलेले पुरुष, आणि त्यांच्या नजरा. छत्री होती, पण लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापला वारा, ती उलटी करून टाकी, आणि छत्रीने ऊन अडतं, नजरा अडत नाहीत. सासूबाई पाठ करून उभ्या राहायच्या. लाज माझी वाटायची की माझ्या नोकरीची, ते त्यांनाच ठाऊक.

आम्ही बायकांनी अंगणात बसू देण्याबद्दल एकदा विचारलं होतं. उत्तर आलं, "लड़ाई सर पर है बाई, और तुमको छाँव चाहिए?" पंखा मागितला तरी लढाई, माठ मागितला तरी लढाई. त्या माणसाने देशाचं नाव जितक्या वेळा घेतलं तितक्या वेळा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग ते सायबानाचं काम आलं. लहान लष्करी गाडी, मागे उघडा हौदा. हौद्याच्या कडेला पाईप बसवायचे, त्यावरून कॅनव्हास बाजूला ओढायचा, म्हणजे मैदानात गाडी थांबली की तिच्या शेजारी जखमी माणसाला सावलीत निजवता येईल. गोहलपुरात त्याला सायबान म्हणत. नमुन्याचा सायबान आम्हीच शिवला. आता तो वापरून बघायचा होता, म्हणून गाडी अंगणात आली. पाईप लागले, दोऱ्या ताणल्या, आणि सेठजींनी फर्मान काढलं की सगळ्या बायकांनी डबे त्याच्याखाली बसून खायचे. किती माणसं मावतात, वाऱ्यात कापड टिकतं की नाही, ते बघू. सैनिकांच्या जागी आम्ही.

मी संधी साधली. म्हटलं, "सेठजी, मेरा बच्चा बाहर है."

ते त्या दिवशी खुशीत होते. हसून म्हणाले, "ले आओ, घायल समझ लेंगे।"

पोटच्या पोराला घायल म्हटलेलं मी गिळलं, कारण सावली हवी होती. सासूबाई पहिल्यांदा फाटकाच्या आत आल्या. पण सायबानाला फक्त माथा होता. पश्चिमेकडून लू आत घुसत होती, आणि तिकडेच कॅनव्हास कापणारे कटाईवाले पुरुष बसले होते. मी उरलेल्या कॅनव्हासचा एक लांबरुंद तुकडा उचलला, मोठी सुई घेतली आणि धावदोऱ्याने तो सायबानाच्या त्या कडेला टाचून टाकला. कच्चंच काम, पण खाली लोंबणारा पडदा तयार झाला. त्याच्याआड बसून मी पोराला घेतलं. महिनाभरात पहिल्यांदा ते पोटभर प्यायलं आणि तिथेच माझ्या मांडीवर झोपी गेलं. सासूबाईंनी पडद्याला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "बरा आडोसा केला." त्यांच्या तोंडून 'बरा' हा शब्द मी लग्नानंतर ऐकला नव्हता.

दोन दिवसांनी लष्कराचे तपासणी करणारे साहेब आले. वाकून आत गेले, पडद्यामागे जरा वेळ बसले, बाहेर आले. "ये क्या लगाया है?" त्यांनी विचारलं. सेठजींना सांगता येईना, तेव्हा मीच पुढे होऊन म्हणाले, "आडोसा."

"अडूसा?" साहेब हसले. "खाँसी वाला?"

हिंदीत अडूसा म्हणजे आपला अडुळसा. अंगणातले सगळे खो खो हसले, सेठजी सगळ्यांत मोठ्याने. साहेबांना पडदा मात्र आवडला. प्रत्येक सायबानाला तो लावा म्हणाले. सेठजींनी हात जोडले आणि "जी, हमने सोचा, घायल को लू न लगे," असं बेधडक सांगून मोकळे झाले. त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये त्या पडद्याचं नावच अडूसा पडलं. अडूसा काटो, अडूसा सिलो. माझा शब्दही माझा ठेवला नाही मेल्यांनी.

दुसऱ्या दिवशी लष्करी गाडी गेली. नमुन्याचा सायबान सेठजींनी माप घ्यायला म्हणून ठेवून घेतला. सासूबाई बाळाला घेऊन फाटकात आल्या तर चौकीदाराने अडवलं. सेठजी आतून ओरडले, "घायल ठीक हो गया, अब बाहर रखो!"

पुन्हा गल्ली, पुन्हा भिंत. मी स्वतःची समजूत घातली. सायबान सैनिकांसाठी आहे, तिकडे कुणाची तरी मुलं उन्हात पडणार आहेत, त्यांना तो हवा. हे मी अगदी मनापासून म्हणत होते. शिवलेल्या प्रत्येक पडद्यामागे कुणीतरी निजणार, असं मनात आणून मी टाके घट्ट घालत होते.

आणि त्याच आठवड्यात एका सकाळी कामावर आले तर अंगणाच्या भिंतीला आमचा तोच नमुन्याचा सायबान लावलेला. दोन बांबूंवर ताणलेला, खाली सेठजींची मोटार. पश्चिमेला माझा आडोसा, सीट तापू नयेत म्हणून. मला सांगा, ती मोटार कुठल्या सीमेवर चालली होती?

मी जाऊन मशीनवर बसले. सकाळभर सुई कुठे चालली होती ते मला कळत नव्हतं.

दुपारी फाटकाबाहेर गेले तर बाळाचा चेहरा लालबुंद. ते तोंडच लावेना. घेई, सोडी, रडे, मग रडायचंही थांबलं आणि नुसतं मान टाकून पडलं. ओठ कोरडे झाले होते. सासूबाईंचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. "उद्यापासून मी नाही आणत याला," त्या म्हणाल्या. "उन्हानं जाईल पोर. आणि घरी ठेवलं तर उपाशी जाईल. काय करून राहिलो गं आपण?"

मी पोर त्यांच्या हातात दिलं आणि आत गेले. सरळ मोटारीपाशी. टपाटप डबे उघडत होते, बायका बघत होत्या, कटाईवाले बघत होते. धावदोऱ्याची गाठ कुठे मारली होती ते मला ठाऊक होतं, मीच मारली होती. ती दाताने तोडली आणि दोरा ओढला. कच्चा टाका तो. सेठजींना तो पक्का करून घ्यायचं सुचलंच नव्हतं. चार हिसक्यांत अख्खा पडदा माझ्या हातात आला आणि मोटारीच्या सीटवर भसकन ऊन पडलं. कुणीतरी हसलं. मी पडदा खांद्यावर टाकला आणि बाहेर आले.

त्याचा एक कोपरा फाटकाच्या गजाला बांधला. दुसरा बांधायला काहीच नव्हतं. मी इकडेतिकडे बघत राहिले, तेवढ्यात सासूबाईंनी मला खाली बसवून बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, डोक्यावरचा पदर कमरेला खोचला आणि तो कोपरा दोन्ही हातांनी वर धरला. स्वतः उन्हात, टपरीकडे तोंड करून. आम्ही दोघं आत, सावलीत. मी बोटाने पाणी त्याच्या ओठांना लावलं, कपाळ पुसलं, आणि बऱ्याच वेळाने त्याने तोंड लावलं. त्याच्या घोटांचा आवाज यायला लागला तेव्हा कुठे मला रडू आलं, आणि तेही रागाचंच होतं.

आत सेठजींची आरडाओरड चालू झाली होती. चोरी, पोलीस, हिसाब कर दो इसका, असं काय काय. चौकीदार बाहेर आला. बिचारा अवघडलेला होता. त्याने सासूबाईंपुढे हात जोडले.

"अम्मा, अडूसा दे दो। सेठजी माँग रहे हैं।"

पडद्याआडून मला फक्त त्यांची पावलं दिसत होती, तापल्या रस्त्यावर चपलांत घट्ट रोवलेली. ती जरासुद्धा हलली नाहीत.

"अडूसा नाही म्हणत याला," सासूबाई म्हणाल्या. "आडोसा म्हणतात. माझ्या सुनेनं केला. पोराचं पोट भरलं की मग बोल."