दुसरी वाटी

श्रीवर्धनात माझ्या शेजारी एक सुपारीचे बागायतदार राहायचे. बोलताना शेवटचा शब्द दोनदा म्हणायचे. नव्या एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात मी सकाळी पाव खातो, याचा त्यांना भारी राग. "मास्तर, पाव सोडा, सोडा. घरची पेज प्या, प्या!" मग ओटीवर बसवून ऊन पेज, वर तूप-मेतकूट. मी दोन वाट्या प्यायचो.

एकदा रिकामी वाटी ठेवायला आत गेलो. त्यांची बायको पेजेच्या पातेल्यात पाणी घालून, बोटांनी खरवडून तेच पीत होती. मला बघून तिने पदराने तोंड पुसलं. ओटीवरून ते ओरडले, "हिलाच विचारा, तीस वर्षं पेजेवर हाय, हाय!"

दुसऱ्या दिवशीही मी दोन वाट्या प्यायलो. फक्त वाटी आत नेऊन ठेवली नाही.