हातावरची रायफल

आबा मला कायद्याचं कधी काही विचारत नाहीत. गावात बांधावरून मारामारी झाली किंवा कुणाच्या सुनेनं पोटगी मागितली, की ते माझा नंबर देऊन टाकतात आणि वर "मनी पोर धुळाले वकील शे" असंही ऐकवतात. पण स्वतःसाठी त्यांचे दोनच प्रश्न असतात. जेवलीस का, आणि गावाला कधी येतेस. म्हणून कोर्टाच्या आवारात चहा घेत असताना त्यांचा फोन आला आणि त्यांनी जे विचारलं, ते ऐकून मी कप खाली ठेवला.

"बेटा, एखादी रायफल आटोमॅटिक व्हती, ती हातवर करी टाकी. मंग चालस का?"

"कुणाची रायफल?"

"कोनी नही. असंच इचारस."

असंच विचारायची आबांना सवय नाही. मी म्हटलं, येते मी. ते म्हणाले, येऊ नको, कापूस वेचणीची गडबड आहे. गडबड असली की ते मला हटकून बोलावतात. मी धुळ्यातच देवपूरला माझ्या खोलीवर गेले, पिशवी भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पाचोऱ्याची एसटी धरली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आधी बी.ए. केलं, मग वकिली. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, मिरवते. मिरवतेच. आबा सहावीतून शाळा सोडून आले आणि माय कधी गेलीच नाही. त्यामुळे घरात सरकारी कागद आला की वाचायचा मी आणि घाबरायचं त्यांनी, अशी वाटणी होती. फक्त एका बाबतीत आबा कुणाला घाबरत नसत. त्यांच्याकडे बारा बोअरची एकनळी बंदूक आहे, पीक राखायच्या परवान्यावरची. पंचक्रोशीत त्यांना 'बंदूकवाले आबा' म्हणतात. इतक्या वर्षांत ती एका पोरानं दिवाळीत उडवलेल्या फटाक्यांइतकीही वाजलेली नसेल. डुकरं आली की हवेत एक बार, बस. पण परवाना वेळेवर नवा करायचा, तपासणीला स्वतः न्यायची, नळी तेलानं पुसायची, यात कसूर नाही.

आणि नेमकी ती बंदूक तेव्हा घरात नव्हती. निवडणूक लागली की परवानेवाल्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, तशी ती जमा होती. बसमध्ये माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. स्वतःची बंदूक ठाण्यात असताना माणूस दुसऱ्या बंदुकीची चौकशी का करतो?

घराच्या दारात दाजींची गाडी उभी होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, फैजपूरकडचे. त्यांची केळीची बाग, ट्रकचा धंदा आणि तालुक्यातल्या सगळ्या पुढाऱ्यांशी खांद्यावर हात टाकण्याइतकी ओळख. अक्का बरोबर नव्हती. जावई बायकोशिवाय सासुरवाडीला येतो आणि मुक्काम करतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

माय चुलीपुढे खोबरं आणि कांदा भाजत होती. काळ्या मसाल्याचं वाटण. जावयासाठी कोंबडी केली तरी एवढं वाटण लागत नाही.

"किती जण जेवायला आहेत गं?"

"दाजीना सोबती येनार शेत उद्या." तिनं माझ्याकडे न बघता खोबरं उलटलं. "शिकारले."

"कसली शिकार?"

"हरभरामा हरनं येतस ना. पिलंबी ऱ्हातस संगे." मग तिच्या लक्षात आलं, आपण काय बोललो. "तू हातपाय धू आधी."

दाजी ओसरीवर खाटेवर बसले होते. मला बघून म्हणाले, "या वकीलबाई. काळा कोट नाही आणला? आम्हाला वाटलं, जेवायलासुद्धा घालून बसता."

"जेवण काय आहे त्यावर ठरवेन म्हटलं."

ते हसले. आबा हसले नाहीत. ते दोरी वळत होते, आणि दोरी वळायचं काही कारण नव्हतं, कारण घरात नायलॉनची चऱ्हाटं पडली होती.

मी सरळ विचारलं, "रायफल कुठंय?"

दाजींनी आबांकडे पाहिलं, आबांनी दोरीकडे. मग दाजी उठले. ज्या खोलीत वेचलेला कापूस छतापर्यंत लागला होता, तिथं गेले आणि ढिगाच्या मागून गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. लपवलेली वस्तू त्यांनी इतक्या ऐटीत उघडली, की जणू लग्नाचा शालू दाखवतायत. रायफल जुनी होती, पण लाकूड पॉलिश केलेलं. मध्य प्रदेशातल्या कुणा जहागीरदाराच्या घरातली, तिथल्या एका मित्राची, असं ते म्हणाले.

"ही आधी ऑटो होती. घोडा दाबत राहा, गोळ्या सुटत राहणार, प्रत्येक वेळी ओढायला नको. ते आता काढलं. आता एक गोळी मारली की हातानं खटका ओढायचा, तेव्हा दुसरी. कायद्यात बंदी कशाला आहे? ऑटोला. ही ऑटो राहिलीच नाही. साधी झाली."

"कोण म्हणालं?"

"सगळे म्हणतात. आणि आबांकडे परवाना आहेच." मग आबांना समजेल असा दाखला देत त्यांनी सांगितलं, "मोटारीचं ऑटो काढून टाकतो ना आपण, तसं. मोटार तीच, फक्त हातावर टाकली."

आबांनी मान हलवली. हे त्यांना पटलेलं होतं. फोनवरचा 'हातवर' हा शब्द कुठून आला, ते मला तेव्हा कळलं.

आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीला ऑटो बसवतात. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, शेतकऱ्याला पळत जावं लागत नाही. पण सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळते, म्हणून वायरमन येऊन ऑटो काढायला लावतो. आणि सगळे काढतात. वायरमनची मोटरसायकल वळणाआड गेली की पुन्हा जोडतात. आमच्या शेडमध्ये तो डबा खुंटीला टांगलेला असतो. वायरी सोललेल्याच असतात, वेळ लागू नये म्हणून.

मी दाजींना म्हटलं, "काढलेला भाग कुठंय?"

"कुठला?"

"जो काढला, तो. फेकला का?"

"फेकेल कशाला कोणी? महागाचा माल असतो. मित्राकडे आहे."

"म्हणजे परत बसतो."

"बसतो, पण बसवणार कोण?"

आबांचे हात दोरीवर थांबले. आपल्या शेडमधली खुंटी त्यांच्या डोळ्यांपुढे आली असणार, कारण त्यांनी पहिल्यांदा त्या रायफलीकडे नीट पाहिलं.

मी म्हटलं, "दाजी, एका प्रकारचं हत्यार दुसऱ्या प्रकारात बदलायचं तर त्यालाच वेगळा परवाना लागतो. तो नसताना बदललं, म्हणजे तुम्ही गुन्हा पुसला नाही, आणखी एक केला. आणि आबांचा परवाना त्यांच्या एकनळीचा आहे, नंबरासकट. तो काही बसचा पास नाही, की कुठल्याही गाडीत बसा."

"बरं, राहिलं हत्यार. रोही, नीलगायी मारायला तर परवानगी मिळते ना? पिकाची नासाडी करतात म्हणून?"

"मिळते. वनखात्याकडे अर्ज करायचा. अमक्या शेतात, अमकं जनावर, अमक्या मुदतीत, असं लिहून मिळते. तुमच्याकडे आहे?"

"येईल."

"आणि आबांच्या हरभऱ्यात रोही येतात? माय तर हरणं म्हणाली. पिलांसकट."

"अहो, रोही काय नि हरीण काय, चार पाय नि शिंगं."

"कोर्टात हे बोलू नका. काळवीट मारलं तर जामिनासाठी माझ्यापेक्षा मोठा वकील शोधावा लागेल."

दाजींच्या आवाजातली मस्करी तिथं संपली. "तू दोन पुस्तकं काय शिकलीस, घरच्या माणसांवर संशय घ्यायला लागलीस. सासऱ्याच्या पिकाचं नुकसान होतंय, जावई मदतीला आला, तर हा असा मान?"

नुकसान होतच होतं. मी सकाळी येताना बांधावरून पाहिलं होतं, हरभऱ्याचे शेंडे खुडलेले होते. पण जावयाला सासऱ्याच्या हरभऱ्याचा कळवळा त्या आधी कधी आला नव्हता. मागच्या वर्षी डुकरांनी मका झोपवला, तेव्हा ते फोनवरसुद्धा नव्हते.

"उद्या येणारे सोबती कोण?"

"साहेब लोक आहेत. तुला काय करायचंय?"

"त्यांच्यापैकी एकाचं तरी इथं शेत आहे का?"

दाजी रायफल गोधडीत परत गुंडाळू लागले.

मी आबांना घेऊन मागच्या अंगणात गेले. तिथं दोघेच होतो. मी म्हटलं, "आबा, सरळ सांगते. त्यांना हौस आहे शिकारीची. हौसेला शेत पाहिजे, कारण पाहिजे, आणि परवानेवाला माणूस पाहिजे. उद्या वनखात्याचा गार्ड आला तर शेत कुणाचं निघेल? तुमचं. परवाना कुणाचा? तुमचा. रायफल कुणाच्या कापसात सापडेल? साहेब लोक गाडीत बसून निघून जातील. एकनळी ठाण्यातून परत यायची नाही आणि तुम्ही तिथंच बसाल."

आबा म्हणाले, "जवाई शे तो. त्याले तोंडवर नही कसं म्हनू? तठे तुनी बहीन नांदस."

हे मला माहीत होतं. त्यांना बंदुकीची भीती नव्हती, पोलिसांचीही फारशी नसावी. भीती अक्काची होती. घरातली एक लेक शिकून बोलायला मोकळी झाली, आणि तिच्या बोलण्याची भरपाई दुसरीनं करायची, असा तो हिशेब होता. मला त्याचा राग आला.

मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तू फोन करशी?"

"कुणाला?"

"तुले माहीत शे कोनले."

"उद्या ते लोक आले तर करेन."

आबा माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी भिंतीपलीकडची कुणीतरी आहे. आपल्या घरात आपलीच पोर खबरी निघेल का, हे ते ताडत होते. मी नजर वळवली नाही. मी खरंच केला असता.

ते ओसरीवर गेले. खुंटीवरची टोपी काढली, घातली, पायात वहाणा सरकवल्या आणि दाजींना म्हणाले, अगदी मायेनं, "चला पाव्हना, ठाणामा जाऊत."

"कशाला?"

"निवडणूक शे. बठ्ठास्नी बंदुका जमा शेत. मनी तठेच शे, हाई बी जमा करी देऊत. कायदानी शे ना? मंग पावती भेटी."

"आबा, अहो तिचे कागद अजून…"

"कागद मांगे दी देऊत. साहेब मना वळखना शे. मी सांगस त्याले, मना जवाईनी शे."

दाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, हे मी शिकवून पाठवलं. मी शिकवलं नव्हतं. माझ्या डोक्यात तरी हे आलं नसतं. आबांनी नाही हा शब्द उच्चारलाच नव्हता. ते दारात उभे राहून जावयाची वाट बघत होते, बरोबर निघायची.

दाजी म्हणाले, "राहू द्या. मित्राला परत करून टाकतो." रायफल त्यांनी गोधडीसकट गाडीत ठेवली. गोधडी मायची होती, पण ती मागायला कुणी पुढे झालं नाही. माय म्हणाली, जेवून जा, वाटण तयार आहे. ते म्हणाले, घाई आहे. गाडी वळवताना त्यांनी काच खाली करून मला म्हटलं, "वकीलबाई, तुमचं बरं आहे. तुम्हाला कुठं नांदायचंय."

ते गेल्यावर आबा ओट्यावर बसले. त्या वाटणाची मायनं वांग्याची भाजी केली. ती फार तिखट झाली आणि आम्ही तिघांनी ती पाणी पीत पीत संपवली.

पुढच्या आठवड्यात अक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. केळीचा भाव, तिच्या सासूचं गुडघ्याचं दुखणं. शेवटी म्हणाली, "हे म्हणतात, तू पोलिसांना फोनसुद्धा केला असतास. खरं का?"

"हो."

"तुझ्या दाजींविरुद्ध?"

"रायफल आबांच्या घरात होती, अक्का."

तिच्यामागे कुणी उभं आहे का, हे मी कान देऊन ऐकत होते. मग ती म्हणाली, "बरं. ठेवते," आणि फोन ठेवला. ती ओरडली असती तर मला कळलं असतं, तिच्या घरात काय चाललंय. आता ती फोनवर हसून बोलते, आणि त्या हसण्यावर माझा विश्वास बसत नाही.

रायफल परत गेली की दुसऱ्या कुणाच्या सासऱ्याच्या कापसात गेली, मला माहीत नाही. साहेब लोक कोण होते, तेही नाही. हरभरा निघेपर्यंत हरणं येत राहिली, असं माय सांगते. आबांनी बांधाला जुन्या साड्या बांधल्या, आणि वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज केला. तो मी लिहून दिला.

निवडणूक झाल्यावर आबांची एकनळी घरी आली तेव्हा मी गेले होते. ते ओसरीत तेलाचं फडकं घेऊन बसले होते. मी पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि कापसाच्या खोलीत शिरले. कापूस विकला गेला होता, खोली जवळजवळ रिकामी होती. तरी मी कोपऱ्यातली पोती सरकवली, माळ्यावर चढायची शिडी लावली.

मागे आबा उभे होते. हातात फडकं तसंच.

"देखी ले," ते म्हणाले. "बठ्ठं देखी ले."

रागानं म्हणाले की सहज, ते मला ओळखता आलं नाही. मी शिडीवर चढले आणि सगळा माळा पाहिला.