लोचो, अर्धा आणि रेडिओ

“रोज लावतो, मॅडम. सकाळी आंघोळ झाली की लावतो, झोपताना काढतो.”

पाटीलदादा हे सांगत होते तेव्हा मी त्यांचं हिअरिंग एड कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. हल्लीच्या मशीनमध्ये डेटा लॉगिंग नावाची सोय असते. मशीन किती वेळ चालू होतं, शांत खोलीत होतं की गोंगाटात, हे ते स्वतःच नोंदवून ठेवतं. पेशंटना सहसा हे माहीत नसतं. स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं, की माझ्याकडून नेल्यावर पहिल्या दिवशी ते थोडा वेळ चाललं आणि नंतर डबीतून बाहेरच आलं नाही.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “दादा, हे मशीन तुमची चहाडी करतंय.”

त्यांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग बायकोकडे. मंगलावहिनींनी लगेच हात वर केले. “मी काही सांगेल नही हां!”

सुरतच्या लिंबायत भागात मेन रोडवर माझं छोटं क्लिनिक आहे. मी ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे ऐकू किती येतं ते तपासायचं आणि गरज असेल तर मशीन बसवून द्यायचं. कानाची डॉक्टर वेगळी, पण इथे सगळे मला डॉक्टरच म्हणतात आणि ते दुरुस्त करायचं मी सोडून दिलंय. माझे बरेचसे पेशंट लूमच्या कारखान्यांतले असतात. खटखट ऐकून ऐकून त्यांचे कान हळूहळू जातात. पाटीलदादांचे तसे गेले नव्हते. ते तोफखान्यात होते. कारगिलच्या लढाईत तोफेवर होते. रिटायर झाल्यावर आपल्या सुरतेत परतले, एका कापड मार्केटमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर झाले आणि गोडादऱ्यात घर केलं.

तोफेच्या आवाजाने कानातल्या नाजूक पेशी मरतात. त्या परत येत नाहीत. गंमत अशी, की मोठे, जाड आवाज या माणसाला व्यवस्थित ऐकू येतात. ट्रक ऐकू येतो, दार आपटलेलं ऐकू येतं. जातात ते बारीक आवाज: स, श, फ, त. त्याला ‘सात’, ‘हात’ आणि ‘भात’ एकच वाटतात. म्हणून असा माणूस कधीच म्हणत नाही की मला ऐकू येत नाही. तो म्हणतो, लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

“नक्की त्रास काय होतो?” मी विचारलं.

“पिशवी कुरकुरली तरी डोकं उठतं. रिक्षाचा हॉर्न तर सरळ मेंदूत जातो.”

ही तक्रार नेहमीची. मेंदूला बारीक आवाजांची सवय राहिलेली नसते, ते एकदम आले की तो घाबरतो. आवाज थोडा खाली आणायचा आणि आठवड्या-आठवड्याने वर न्यायचा. मी तसं सेटिंग केलं. पण माझं समाधान झालं नाही. पिशवीच्या आवाजाला कंटाळून फौजेतला माणूस पहिल्याच दिवशी माघार घेत नाही.

वहिनींना राहवलं नाही. “मॅडम, पोरीचं लग्न तोंडावर आलंय. मांडववाला ठरला, आचारी ठरला. सगळ्या गावाला पत्रिका गेल्या. आणि ज्यांच्यासोबत हे लढाईत होते, त्यांना एक फोन नाही. त्यांचे फोन आले तर उचलत नाहीत. ग्रुपमधून पण निघून गेले.”

“तू गप बस,” दादा म्हणाले. मग स्वतःच बोलायला लागले.

धुळ्याला एका हॉटेलात त्यांची जुनी मंडळी जमली होती. वर पंखे, आजूबाजूला ताटं-वाट्या, सगळे एकदम बोलणारे. दादांनी अशा वेळेसाठी एक युक्ती शोधून काढली होती. सगळे हसले की आपण हसायचं, सगळे गप झाले की गप व्हायचं. ती बरीच वर्षं चालली. त्या दिवशी त्यांचा एक मित्र हळू आवाजात काहीतरी सांगायला लागला. त्याचा चेहराच हसरा. दादांना वाटलं, किस्सा सांगतोय. सांगून झालं तसे दादा मोठ्याने हसले आणि टाळीसाठी हात पुढे केला.

“टाळी कोणी दिली नाही, मॅडम. सगळे माझ्याकडे बघत होते. नंतर एकाने मला फोनवर लिहून दाखवलं. त्याच्या बायकोला मोठा आजार निघाला होता. तो ते सांगत होता.”

“आता कशी आहे ती?”

“बरी झाली म्हणतात. मी विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारू?”

आमच्या टेस्टमध्ये शब्द ऐकवायचे असतात. ठरलेले शब्द, स्वच्छ रेकॉर्डिंग, बाईचा गोड आवाज. जगात कोणी तसं बोलत नाही. मी हेडफोन बाजूला ठेवला आणि विचारलं, “दादा, तुम्हाला नेमकं कोणाचं बोलणं ऐकू यायला पाहिजे?”

त्यांनी विचार केला. “रेडिओचं नको. तो धुळ्याला बोलला तरी मला इथे ऐकू येतो. अर्ध्याचं. हॉटेलात सांगत होता त्याचं.”

मी बघतच राहिले, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. एका तोफेवर जी माणसं काम करतात त्यांच्या तुकडीला डिटॅचमेंट म्हणतात. आवाज, धूर, घाई. तिथे लांबलचक नावं चालत नाहीत, आणि ‘पाटील’ अशी हाक मारली तर बॅटरीतली, म्हणजे अनेक तोफांच्या तुकडीतली, निम्मी माणसं वळायची. म्हणून प्रत्येकाला नाव पडलेलं. ‘रेडिओ’ तोंड बंद करायचा नाही. ‘टायफॉइड’ हरयाणाचा पहिलवान गडी, पण भरती झाल्या झाल्या तापाने आडवा पडला, ते नाव आयुष्यभर चिकटलं. आणि अर्धा. वर डोंगरात, थंडीत चहा यायचा तो मोजक्याच मगांत. हा प्रत्येक वेळी म्हणायचा, मला अर्धाच पुरे, आणि उरलेला शेजारच्याच्या हातात द्यायचा.

“शेजारी कोण असायचं?”

“मीच.”

“आणि तुमचं नाव?”

ते जरा लाजले. “लोचो.”

मला हसू आवरलं नाही. लोचो म्हणजे आमचा सुरतेचा नाश्ता, बेसनाचा, खमणपेक्षा सैल, वर तेल आणि शेव. दादा नवे रंगरूट होते तेव्हा कोणीतरी विचारलं होतं, तुमच्या शहरात काय चांगलं मिळतं. दादांनी इतकं रंगवून सांगितलं, की त्या दिवसापासून पाटील संपले.

मी म्हटलं, “अर्ध्यांना मी फोन करू का? आत्ता, तुमच्यासमोर?”

वहिनींनी पर्समधून स्वतःचा फोन काढला. नंबर त्यांच्याकडे होताच. दादांनी तो पाहिला आणि होकारार्थी मान हलवली.

“हॅलो, मी सुरतहून बोलतेय. पाटलांबद्दल जरा बोलायचं होतं.”

“कोण पाटील?” आवाज खरंच इतका हळू होता, की मलाच फोन कानाला दाबावा लागला.

“गोडादऱ्याचे. तोफखान्यातले.”

“मॅडम, तोफखान्यात पाटील पुष्कळ.”

मी दादांकडे पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, “लोचो सांगा.”

“लोचो,” मी म्हटलं.

तिकडून एकदम घाबरलेला आवाज आला. “काय झालं त्याला? कोणत्या दवाखान्यात आहे?”

“काही झालेलं नाही. कानाचं मशीन बसवतेय.”

“कान तर आम्हा सगळ्यांचेच गेलेत. तो आहे ना तिथे?”

“माझ्यासमोर बसलेत.”

“मग त्याला बसवून ठेवा. मी रेडिओला घेऊन येतो.”

मी सांगितलं, इतकी घाई नाही, पुढच्या अपॉइंटमेंटला या. पुढच्या अपॉइंटमेंटला ते आले. दोघं आल्याचं मला आतल्या खोलीत दार बंद असूनही कळलं. बाहेर बाकावरचे पेशंट, ज्यांना माझी हाक ऐकू येत नाही, तेसुद्धा दाराकडे वळून बघत होते.

“लोचोऽऽ! आरं हाय कुठं हा लोचो?”

हे रेडिओ. मूळचे साताऱ्याचे, बायको धुळ्याची म्हणून धुळ्यात स्थायिक झालेले, तिथे शाळेच्या बसेस चालवतात. त्यांच्या मागे चपला नीट काढून ठेवत अर्धा आले. अमळनेरला त्यांचं किराणा दुकान आहे. बारीक अंगाचे, आणि चेहरा खरोखरच हसरा. रागावले तरी कळणार नाही असा.

दादा उठून उभे राहिले. काय करावं ते त्यांना सुचेना. रेडिओंनी त्यांना मिठीत घेऊन जवळजवळ उचललं. अर्ध्यांनी नुसता दंडावर हात ठेवला.

मी सगळ्यांना बसवलं, दादांच्या कानात मशीन घातलं आणि अर्ध्यांना म्हटलं, “बोला.”

“काय बोलू?”

“काहीही. दुकानाचं सांगा.”

ते साखरेबद्दल, शेंगदाण्याबद्दल, दुकानात ठाण मांडून बसलेल्या मांजरीबद्दल बोलत राहिले आणि मी कॉम्प्युटरवर बारीक आवाज थोडे थोडे वर नेत राहिले. दादा त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं.

“काय म्हणाले?”

“साखर.”

“आता?”

“शेंगदाणे.” मग दादा थांबले आणि डोळे न उघडताच हसले. “मांजर पोत्यावर झोपते म्हणतो.”

हे बरोबर होतं. मशीन जमलं होतं. माझ्या दृष्टीने काम झालं होतं. पण दादांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “अर्ध्या, त्या दिवशी हॉटेलात तू वहिनीचं सांगत होतास. मला ऐकू आलं नव्हतं. मी हसलो.”



“तू हसना?” अर्धा म्हणाले. “माले वाटनं तू रडी राह्यना. तुनं तोंड दोन्ही टाइमले सारखंच दिसस.”

मी नांदेडची. अहिराणी समजायला मला थोडा वेळ लागतो. हे लगेच समजलं: दादांचं हसणं त्यांना रडणं वाटलं होतं. दादांनी रुमाल काढला. वहिनी भिंतीवरच्या कानाच्या चार्टकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात रेडिओ खणखणीत आवाजात म्हणाले, “व्हय व्हय, हाटेल चांगलंच हुतं! शेवभाजी तर एक नंबर!”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. आल्यापासून रेडिओंनी दुसऱ्या कोणाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नव्हतं. प्रश्न तेच विचारत होते आणि उत्तरंही तेच देत होते. मी फाइल ठेवायच्या निमित्ताने त्यांच्या मागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, “रेडिओदादा, चहा घेणार?”

काही नाही. चहाला नाही म्हणणारा हा माणूस नव्हता.

मी त्यांना साउंडप्रूफ खोलीत बसवलं आणि टेस्ट घेतली. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच. ते बटणाकडे बघत शांत बसून राहिले, आणि मी इकडे आवाज वाढवत राहिले. ग्राफ आला तो दादांच्याही खाली, म्हणजे ऐकणं त्यांच्याहून वाईट.

मी तो तिघांसमोर ठेवला आणि समजावून सांगितलं. अर्ध्यांना पटेना. “म्हणजे इतकी वर्षं हा आमचं काही ऐकतच नव्हता?”

पाटीलदादा हसायला लागले. मग अर्धा. रेडिओंनी दोघांची तोंडं पाहिली, त्यांना काय ते कळलं. “तुमचं काय ऐकायचं? तुमी नवं काय बोलनार हाय?” ते ओरडले. मग, त्या दिवशी पहिल्यांदाच, जरा खालच्या आवाजात म्हणाले, “आपुन बोलत ऱ्हायलं की कुनी काय इचारत न्हाई, मॅडम.”

दादांनी त्यांच्या पाठीवर जोरात थाप मारली. रेडिओ झटकन वळले.

“बघा, ऐकू आलं,” अर्धा म्हणाले. तोफेवर तसंच असायचं, त्यांनी मला सांगितलं. कानात कापूस, त्यावरून तोफेचा आवाज, कोणाला काही ऐकू यायचं नाही. आधी पाठीवर थाप, माणूस वळला की तोंडाकडे बघून हाक, मग काम. आणि एका वेळी एकानेच बोलायचं.

हाच सल्ला मी पेशंटच्या घरच्या लोकांना किती वर्षं देतेय. आधी लक्ष वेधा, समोर या, एकेकाने बोला. छापलेलं पत्रकही देते. ते लोक वाचत नाहीत. या तिघांनी माझ्यासमोर एका मिनिटात ठरवून टाकलं, की आता परत तसंच.

लग्नाला मलाही बोलावणं होतं. गोडादऱ्यात सोसायटीच्या मैदानात मांडव होता आणि डीजे असा, की माझा पुढच्या दहा वर्षांचा धंदा तिथेच तयार होत होता. पाटीलदादा स्पीकरकडे पाठ करून बसले होते, मशीनचा गर्दीचा प्रोग्रॅम लावून. त्यात समोरचं बोलणं जास्त येतं, मागचा गोंगाट कमी. समोर अर्धा बसले होते, शेजारी त्यांची बायको, हिरव्या साडीत, अगदी ठणठणीत. ती काहीतरी सांगत होती आणि दादा ऐकत होते. टायफॉइड हरयाणाहून दोन दिवस आधीच येऊन दाखल झाले होते आणि भटारखान्याचा ताबा घेऊन बसले होते. नवऱ्याकडची मंडळी विचारत होती, हे भटारखान्यातले दाढीवाले कोण. दादा सांगत होते, मुलीचे काका.

रेडिओंच्या दोन्ही कानांत नवी मशिनं होती. डीजे सुरू झाला तशी त्यांनी ती काढून खिशात टाकली आणि नाचायला गेले. हे त्यांनी योग्यच केलं.

या प्रकरणानंतर मी एक नियम करून टाकलाय. पेशंटला घेऊन जो माणूस येतो आणि पेशंटपेक्षा जास्त बोलतो, त्याच्या मागे जाऊन मी नेहमीच्या आवाजात चहा विचारते. ऐकू न आल्याने चहाला मुकणारे बरेच निघतात.