मनोजचा लग्नाचा दाखला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. आणि मनोजला तर — त्याला कोणत्या तोंडानं सांगणार?

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आधी मी कसा माणूस आहे ते ऐका. लातूरकडून आलो तेव्हा कासारवाडीच्या एका खोलीत आम्ही पोरं पाळीपाळीनं झोपायचो. आज चाकणला माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवतो. भाव करण्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही. डोकं लवकर तापतं, तेही खरं. मनोज माझा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर त्याला मीच इकडे आणलं, आयटीआय करायला लावलं, मोठ्या कंपनीत चिकटवलं. हे का सांगतोय? माझी बाजू मांडायला? नाही. माझ्या डोक्यात हे सतत वाजत असायचं, म्हणून.

त्या कंपनीत नवी लाइन बसवायला मार्ता नावाची इंजिनियर आली. मूळची पोलंडची, नोकरी जर्मनीत. शिफ्ट संपली तरी मनोज तिच्याच मशीनपाशी रेंगाळायचा. शेवटी लग्न झालं. नोंदणी करून आले, मग आईनं घरी हळद लावली. सगळ्यात जास्त मी नाचलो. आणि आतून — जळत होतो.

कशासाठी? सांगतो. आदल्या वर्षी मला जर्मनीत मशिनरीच्या प्रदर्शनाला जायचं होतं. सूट शिवला. बँकेचे कागद, कराचे कागद, वर्कशॉपचे फोटोसुद्धा जोडले. व्हिसा नाकारला. का, तर हा माणूस परत जाईल याची खात्री वाटत नाही! ज्यानं अख्खं आयुष्य चाकणच्या एका शेडमध्ये घातलं, तो परत येणार नाही? तो सूट अजून कपाटात आहे. कव्हरसकट.

पुढे मार्ताला दिवस गेले. बाळंतपणाला ती जर्मनीला परतली. बाळ येईल तेव्हा मनोजला तिच्याजवळ असायचं होतं. एवढंच. एका रविवारी तो माझ्या पुनावळ्याच्या फ्लॅटवर आला.

“दादा, मार्ता म्हणते, मला व्हिसाची फीसुद्धा नाही. लग्नाचा दाखला अन् तिचं पत्र लावलं की झालं.”

“फुकट? काय बोलायलास तू? कोणतं सरकार फुकट देतंय काही?”

“नियमच तसा हाय म्हणते.”

“तिला काय माहीत आपल्याकडचं? थांब, मी बघतो.”

आणि मी बघितलं. हेच तर तुम्हाला सांगायचंय. आकुर्डीला व्हिसाची कामं करणाऱ्या बाई आहेत, माझी फाईल त्यांनीच केली होती. त्यांना विचारलं. म्हणाल्या, “अहो साहेब, सगळ्यात सोपी केस! बायको पोलंडची नागरिक, राहते जर्मनीत. म्हणजे स्वतःच्या देशाबाहेर, युरोपातल्याच दुसऱ्या देशात. तिच्याकडे जाणाऱ्या नवऱ्याला बँक बॅलन्स विचारत नाहीत, हॉटेल नाही, फी नाही. निकालही लवकर. तुमची फाईल केवढी जाड होती, भावाची एकदम सडपातळ!” त्या हसल्या. मीही हसलो.

येताना गाडीत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. मी आयुष्यात एक स्क्रूसुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेतलेला नाही. आणि याला — माझ्या हाताखाली वाढलेल्याला — दार उघडंच? कशाच्या जोरावर? एका बाईचं त्याच्यावर प्रेम आहे म्हणून?

संध्याकाळी मी त्याला सांगितलं, “लग्नाचा दाखला अजिबात लावायचा नाही. बायको तिकडं आहे कळलं की त्यांना वाटतं, गडी तिकडंच राहणार. फिरायला चाललो म्हण. हॉटेल दाखव.” आमच्याकडे सगळे असंच समजतात, व्हिसा मागताना परदेशातलं आपलं माणूस लपवावं. त्यामुळे माझं खोटं शहाणपणाचं वाटलं. त्यानं ऐकलं. मार्ता फोनवर समजावत राहिली. तो तिला म्हणाला, “दादाला यातलं कळतं.”

मग एक दिवस तो माझ्या वर्कशॉपमध्ये असतानाच व्हिसाच्या कचेरीतून फोन आला. पत्नी कुठे असते, असं विचारत होते. मनोजला खोटं जमत नाही. फोन कानाला लावून तो माझ्याकडे बघायला लागला. माझ्याकडे — वडिलांकडे बघावं तसं. तेव्हा तरी मी थांबवायचं ना? मी हातानं खूण केली. इकडंच, गावाकडं.

तो म्हणाला, “गावाकडं.”

नकार आला. मी दूतावासाला शिव्या दिल्या, त्याला हॉटेलात नेऊन मटण खाऊ घातलं, पाठीवर हात ठेवला. आणि काय वाटत होतं सांगू? बरं वाटत होतं. आता आम्ही सारखे झालो होतो.

बाळ वेळेआधी आलं. मार्ताचं ऑपरेशन झालं. तिच्याजवळ घरचं कुणी नव्हतं. मनोजनं मुलगी पहिल्यांदा पाहिली ती माझ्या शेडमध्ये, फोनवर. मशिनच्या आवाजात त्याला तिचं रडणं ऐकू येईना. “दादा, जरा मशिन बंद कर ना,” तो म्हणाला. मी बंद केलं.

त्याला पुन्हा अर्ज करायला मार्तानं लावलं, दाखला जोडून. पण आधीच्या खोट्याचं उत्तर देता देता तेही लांबलं. तो पोहोचला तेव्हा मुलगी रांगत होती. अनोळखी माणूस बघून ती रडली, हे त्यानं मला हसत हसत सांगितलं.

आता तो तिथेच असतो. “दादा, माझ्यासाठी तू किती पळापळ केलीस,” असं फोनवर म्हणतो, आणि मी त्याला म्हणू देतो. गेल्या महिन्यात म्हणाला, “तू पण ये. मार्ताला विचारतो, तुला त्या नियमात बसवता येतंय का.”

मी पुन्हा आकुर्डीच्या बाईंना विचारलं. बायको, नवरा, मुलं, सांभाळावे लागणारे आईवडील — त्यांना तो नियम लागू होतो, म्हणाल्या. दिराला नाही. भाऊ त्यात येत नाही.

भाव करायला पहिल्यांदाच माझ्याकडे काही नव्हतं.